तिरकी रेघ

ब्रनो शहरात दुशिच्कीच्या आदल्या संध्याकाळी,
उद्या सगळे आपापल्या मृतांना दिवे लावायला निघणार,
धुकं ट्रामच्या तारांपर्यंत उतरलेलं,
तेव्हा फोन आला
द्राहोमीरा शेबेस्तोवा यांचा, दफनभूमीच्या कचेरीत:
माझे आलोइस यादीत नाहीत.
सकाळी होते.

कचेरीनं फोन आमच्याकडे ढकलला.
वेंडुलानं चहा बाजूला सारून पान उघडलं.
एकच नाव. हुबर्ट क्लेमेंट, वय एक्क्याण्णव.
खाली मेणबत्ती, पिवळी, नीट पेटलेली.
त्याखाली पांढरं, अगदी तळापर्यंत.
चाळीस माणसं कुठे गेली?
गेलेली माणसं पुन्हा कुठे जाणार,
असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही.

पूर्वी आमची पानं क्वेतोस्लावच्या इंजिनातून निघायची.
त्यात त्यानं तेरा नावं लिहून ठेवली होती,
बीआर, एचआर, आयएमजी, इनपुट आणि त्यांची भावंडं,
जन्मतःच पोट नसलेली,
आत काही मावत नाही, म्हणून दार लावायचा प्रश्नच नाही.
त्यांच्या शेवटी तिरकी रेघ मारा, न मारा,
ब्राउझर मान वर करत नाही.
तेरा म्हटलं की मला उगीच तेरावा आठवतो
आणि पानात वाढलेलं गोड.

पण घाईत कुणी डिव्हलाही तशीच रेघ मारली
तर क्वेतोस्लावचं इंजिन ती मुकाट उचलायचं
आणि तिच्या जागी मिटणारा टॅग ठेवायचं.
आम्हाला पत्ता नसायचा.
दहा वर्षं आम्ही दार न लावता निघायचो
आणि मागून कुणीतरी कडी घालायचं.
निवृत्तीच्या दिवशीही तो बोलला नाही.
जुन्या कोडमध्ये एक टीप तेवढी राहिली:
लोक विसरतात. आपण मिटवावं.

मार्चमध्ये नवं इंजिन आलं. चपळ आहे.
दिलं ते तसंच पुढे करतं, पोस्टमनसारखं.
मेणबत्तीची रिकामी जागा
वेंडुलानं मागच्या आठवड्यात लिहिली,
जुन्या हातानं,
एका डिव्हमध्ये, शेवटी रेघ.

मला ती रेघ वाटते
अक्षराचा पाय मोडल्यासारखी:
थांब, इथे पुढे स्वर नाही.
ब्राउझरचं व्याकरण वेगळं.
डिव्हच्या टोकाची रेघ त्यानं धुळीसारखी झटकली,
आणि हुबर्टची मेणबत्ती ठेवायची ती जागा
उघडीच राहिली.
मग तिच्यात पुढचा माणूस शिरला,
त्याच्या मेणबत्तीत त्याच्या पुढचा,
एकाच्या पोटात एक, चाळीसजण,
आलोइस अकरावे.
दिसायला पान जसंच्या तसं, म्हणून सकाळी होते.
साडेचारला ओस्त्रावाहून एका नातीनं
आजोबांसाठी बटण दाबलं.
स्क्रिप्टनं आधी जागा साफ केली,
तिचं कामच ते,
मग एक ज्योत लावली.

वेंडुला बराच वेळ काही बोलली नाही.
रेघ पुसली. मिटणारा टॅग लिहिला, सहा चिन्हं.
पान पुन्हा उघडलं तर सगळे आपापल्या जागी,
जसे काही मधल्या वेळात
नुसते बाहेर उभे होते.
नव्या इंजिनाच्या पहिल्या फाइलमध्ये
तिनं क्वेतोस्लावची टीप चिकटवली.
खाली नियम लिहिला, तो दुसऱ्यांदा चालला.

फोन तिनं स्वतः केला.
सापडले, म्हणाली.
कुठे होते?
शेजारच्यांकडे गेले होते. दार लागलेलं नव्हतं.
पलीकडे शांतता. मग बाई म्हणाल्या,
त्यांना दार लावायची सवयच नव्हती हो,
चव्वेचाळीस वर्षं मीच उठायचे.
आणि हसल्या, की खोकल्या,
फोनवर कळलं नाही.